एका अक्षराचं

मी जेकॉर्डचे पत्ते पंच करायचो.
भोक असेल तिथं धागा उचलतो,
नसेल तिथं दबून राहतो,
आणि चादरीवर मोर उमटतो.
ते काम संगणकानं नेलं.
पण त्यामुळं मला हे झालं, असं नाही.
डॉक्टरांना सांगितलं, तुम्हालाही सांगतो.
कारण सापडलं असतं तर
कधीच दुरुस्तीला टाकलं असतं.

दीड वर्ष मी छत बघितलं.
पाच दिवसांनी नळाला पाणी यायचं,
अख्खं घर हंडे, पिंप, बादल्या घेऊन उठायचं
आणि मी खाटेवरून ऐकायचो
भांडं भरत येताना
त्याचा आवाज कसा वर चढत जातो ते.

मल्लिनाथ हळकुडे भेटला दवाखान्याच्या बाकावर.
बँकेचा वॉचमन. गोळी माझ्याच रंगाची.
म्हणाला, "पळतो का बे?"
मी म्हणालो, "कुणापासून?"
"असंच. पार्क मैदानाला ये, साडेपाचला."

पहिल्या दिवशी
एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळालो
आणि भिंतीकडेला चहा ओकलो.
मल्लिनाथ माझ्याकडं पाठ करून उभा राहिला,
आत रोकड असल्यासारखा.

नंतर नागमणी चिप्पा आली,
दिवसाला हजार विड्या वळणारी,
पदर खोचून पळताना सुद्धा
तिची बोटं काहीतरी वळतच असायची.
आणि उर्दू शाळेच्या शाकिरा मॅडम,
ज्यांचा डावा गुडघा दुखतो,
याहून जास्त मला अजून माहीत नाही.
"बरं वाटतंय का" असं विचारायचं नाही,
हे कुणी ठरवलं नव्हतं.
"काय खाल्लं?" विचारायचं.
नागमणी कधी कधी खरं सांगायची: काही नाही.
मग मॅडमच्या पिशवीतून
शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा.

धावल्यानं हे जातं, असं कुणी म्हणालं
तर त्याला माझ्याकडं पाठवा.
जात नाही. माझ्याच वेगानं पळतं.
फक्त सात रस्त्याजवळ त्यालाही धाप लागते,
तेवढ्यात मी चहा पिऊन घेतो.
गोळी अर्धी झाली होती. परत पूर्ण झाली.

भाद्रपदात मल्लिनाथ यायचा थांबला.
फोन बंद.
तिसऱ्या दिवशी आम्ही कन्ना चौकामागं
त्याच्या गल्लीत गेलो. तिसरा मजला.
गॅलरीतून बायकोनं नुसता हात हलवला: नाही.

वर जाऊन बोलायचं तरी काय?
जे काय बोलतात ते आम्हा तिघांनाही
लोकांनी बोलून झालं होतं.

नागमणीनं चपला काढल्या आणि पळायला लागली.
पिठाच्या गिरणीपासून डीपीपर्यंत. परत.
मग मी. मग मॅडम, गुडघा धरून.
नव्वद पावलांची गल्ली,
कुत्री, सडा, दुधाची पिशवी घेऊन थबकलेला पोऱ्या.
कुणीतरी म्हणालं, येडे आहेत.
मॅडम न थांबता म्हणाल्या,
"हो. कागदपत्रं आहेत."

त्याच्या खिडकीखालून जाताना
नागमणी तिच्या तेलुगूत हाक मारायची: रा.
मी: ये.
मॅडम: आ.
सोलापुरात कुठल्याही भाषेत बोलवा,
एका अक्षरात भागतं.
चौथं अक्षर त्याचं, कानडीतलं.
ते आम्ही म्हटलं नाही.
तेवढी जागा सोडायचो,
तिथं फक्त पाय वाजायचे.

पाचवा दिवस. सहावा.
सातव्या दिवशी माझंच मन उठेना,
तर दोघी आधी माझ्या दाराशी आल्या
आणि मग तिघं मिळून त्याच्या.

नवव्या दिवशी
रा.
ये.
आ.
आणि त्या सोडलेल्या जागेत
वरून खोकल्याचा आवाज आला.

आम्ही थांबलो नाही.
थांबलो असतो
तर त्याला खाली यावं लागलं असतं.
गिरणीपर्यंत गेलो, वळलो,
अजून एक फेरी मारली.